भरलेला तांब्या आणि चार शॉकअप

सुभेदार लोखंड चाटून बघायचे.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा ऑपेरा हाऊसजवळच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदाराने मोठ्या विश्वासाने एक नवाकोरा शॉक ॲब्सॉर्बर काउंटरवर ठेवला. सुभेदारांनी तो उचलला, रुमालाने पुसला आणि त्याच्या टोकाला जीभ लावली. मग डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले.

"चटणी देऊ का, सुभेदार?" दुकानदार म्हणाला.

"खारट आहे. बोटीवरून उतरवून गोदीत उघड्यावर टाकला होता हा. समुद्राचं वारं खाल्लंय याने. नको."

हे खरं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. सुभेदार शेजारच्या दुकानात शिरले तेवढ्यात मीही तो हळूच चाटून बघितला. मला नुसतं लोखंड लागलं. दुकानदार माझ्याकडे बघत होता. "कॉलेजात जातोस ना रे तू?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी कुणीही न विचारताही हे सांगत असे, पण त्या वेळी मात्र सांगायला नको होतं असं वाटलं.

सुभेदार हे काही खरे सुभेदार नव्हते. लढाईत ते लष्करात ड्रायव्हर होते. परत आल्यावर चिंचपोकळीच्या आमच्या गल्लीने त्यांना परस्पर बढती दिली आणि त्यांनी ती नाकारली नाही. रेल्वेच्या कुंपणाला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये लष्कराच्या लिलावात घेतलेला, चारही चाकांना जोर असलेला एक बुटका ट्रक होता. चिखल असो, रेती असो, तो जाई. सकाळी त्यातून ते भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहत, आणि दुपारपासून ट्रकच्या खाली आडवे पडून, त्या मासळीच्या खाऱ्या पाण्याने ट्रकचं काय केलं ते बघत.

शेडच्या पोटमाळ्यावर बसून मी अभ्यास करत असे. आमच्या खोलीत आम्ही एवढेजण होतो की पुस्तक उघडायचं तर कुणाला तरी पाय आखडून घ्यावे लागत. आदल्या वर्षी घरातले देव जाऊन भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती, आणि त्याच वर्षी मी इंटर सायन्सला गेलो होतो. वडिलांच्या मनात या दोन गोष्टी कशा कुणास ठाऊक, एक झाल्या होत्या. माझ्याकडे बघताना ते आवाज खाली आणत. त्यांनीच सुभेदारांकडे शब्द टाकला. सुभेदार म्हणाले, "बसू दे. फक्त मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं."

त्यांनी पहिल्याच दिवशी शिडीवरून डोकं वर काढून विचारलं, "प्रोफेसर, गंज का चढतो?"

मी लोखंड, हवा, पाणी, मीठ असं सगळं सांगितलं. एक समीकरणही पोटमाळ्याच्या फळीवर खडूने लिहून दाखवलं. त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिलं.

"चढू नये म्हणून काय करायचं?"

"ते पुढच्या वर्षी आहे," मी म्हणालो.

त्या दिवसापासून मी गल्लीत प्रोफेसर झालो. सुभेदारांसारखीच ही बढतीही परस्पर मिळालेली होती. पण ते आपली बढती ज्या डौलाने मिरवत, तो डौल मला कधीच साधला नाही.

त्यांचा सगळा प्रश्न शॉक ॲब्सॉर्बरचा होता. एवढं लांब नाव घ्यायला शेडमध्ये कुणाला वेळ नव्हता, सगळे शॉकअप म्हणत. मी बरेच दिवस पूर्ण नाव घेत होतो. चाकाजवळ तेल भरलेली एक नळी असते. तिच्यात एक दांडी खालीवर होते, आणि खड्ड्यात बसलेला धक्का ती नळी गिळते. त्या दांडीवर गंजाचा एक ठिपका पडला की तो आतलं रबर कापतो. रबर कापलं की तेल गळतं. तेल गळालं की राहते नुसती नळी, आणि हे कळतं ते पुढच्या खड्ड्यात. ट्रकचे चारही शॉकअप मासळीच्या पाण्याने असेच संपले होते. नवे घ्यायचे होते. बाजारात तीन-चार प्रकार होते. कुणीही शहाणा माणूस एका सकाळी जाऊन घेऊन आला असता.

सुभेदार दोन वर्षं निवडत होते.

याचं कारण काकी. काकी म्हणजे सुभेदारांची बायको. गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. चाळीच्या जिन्यावरून पडून तिचा मणका दुखावला, तेव्हापासून ती कमरेला पट्टा बांधून घरातच असे. तिचं माहेर कोकणात, अगदी समुद्राला टेकलेलं. बोटीने जायचं तर हेलकावणाऱ्या बोटीतून लहान होडीत, पडावात उतरायचं आणि पडावातून माणसाच्या खांद्यावरून किनाऱ्याला लागायचं. ते तिला जमणारं नव्हतं. मोटारसडक अलीकडच्या गावातच संपायची. पुढे ओहोटीच्या वेळी ओल्या रेतीवरून जायचं, तोच रस्ता. तिथे सुभेदारांचा ट्रक सहज गेला असता. तेवढ्यासाठीच त्यांनी तो घेतला होता. काकीची आई तिकडे एकटी होती, तिला दिसेनासं होत चाललं होतं. दर गणपतीनंतर गावाहून येणारा कुणीतरी एकच निरोप आणायचा.

"आवशीन सांगल्यान हा, डोळे मिटायच्या आदी एकदा ये."

"शॉकअप मिळाले की निघालोच," सुभेदार म्हणायचे.

"अहो, एका खेपेक काय गंजतला?" काकीने एकदा माझ्यासमोरच विचारलं.

"एकदाच जायचंय का तुला?" ते म्हणाले.

मला वाटतं, काकी रागावलेली असतानाच नेमकं ते असं काहीतरी बोलायचे, आणि मग तिचा राग फुकट जायचा.

निवड करण्याची सुभेदारांची पद्धत त्यांची स्वतःची होती. त्यांनी काकीकडून लोणच्याच्या तीन मोठ्या बरण्या मागून घेतल्या, तीन दुकानांतून तीन शॉकअप नमुन्याला आणले आणि ते खाऱ्या पाण्यात उभे केले. पाणी समुद्राचंच हवं होतं. घरचं मीठ टाकून चालणार नव्हतं. "समुद्रात काय काय असतं ते तुझ्या पुस्तकात सगळं आलेलं नसणार," ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं. दर रविवारी मी रॉकेलचा रिकामा डबा घेऊन ट्रामने गिरगाव चौपाटीवर जायचो. कॉलेजची विजार गुडघ्यापर्यंत दुमडून डबा भरायचा आणि परत ट्राम पकडायची.

एकदा कंडक्टरने डब्याकडे बोट केलं. "काय आहे त्यात?"

"समुद्र," मी म्हणालो. मला प्रामाणिक राहायचं होतं.

"कुठे सोडणार?"

"चिंचपोकळीला."

"बरं होईल. आम्हाला पण जवळ पडेल," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. ट्राममधल्या लोकांनी माझ्या ओल्या विजारीकडे पाहिलं. त्यात आमच्या वर्गातल्या दोन मुली होत्या. पुढची दोन वर्षं त्या मला फार आदराने वागवत होत्या, म्हणजे लांबूनच.

बरण्यांतला पहिला शॉकअप परदेशी होता, आरशासारखा चकचकीत. महिन्याभराने त्याच्यावर तपकिरी बारीक पुटकुळ्या आल्या. दुसरा लष्करी साठ्यातला, त्याचा हिरवा रंग पापडासारखा फुगला. तिसऱ्यावर जस्ताचा मुलामा होता. तो मुळातच राखाडी आणि कळकट होता. पाण्यात राहून त्याच्यावर पांढरी पूड धरली.

"हा आजारी दिसतो," सुभेदार म्हणाले.

इथे माझी वेळ आली होती. जस्त स्वतः झिजतं आणि आतल्या लोखंडाला वाचवतं, हे मी नुकतंच शिकलो होतो. मी ते सांगितलं. पण माझी खोड अशी, की एक बाजू सांगितली की दुसऱ्या बाजूवर अन्याय झाला असं मला वाटतं. म्हणून मी पुढे हेही सांगितलं, की जस्त संपल्यावर मात्र काही खरं नाही. शिवाय याच्या दांडीवर टोपण नाही. शिवाय चकचकीतवाल्याचा मुलामा जाड असता तर तोच उत्तम ठरला असता.

"म्हणजे कुठला घेऊ?"

"दोन्हीला कारणं आहेत," मी म्हणालो.

सुभेदारांना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी तीनही बरण्यांतलं पाणी बदललं.

जस्त माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं, की कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत संयुक्त महाराष्ट्रावर बोलताना मी लढ्यातल्या माणसांना जस्ताची उपमा दिली. मागून कुणीतरी "आणि निकेल कोण?" असं विचारलं. मी खाली बसलो.

मोर्च्यांचे दिवस होते ते. गल्लीतल्या पोरांनी सुभेदारांच्या ट्रकच्या मडगार्डवर "झालाच पाहिजे" असं पांढऱ्या तैलरंगाने लिहून टाकलं. पुढे सगळं मडगार्ड गंजलं, अक्षरं तेवढी शाबूत राहिली. सुभेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे. बघणाऱ्याला वाटे ते चळवळीबद्दल बोलताहेत. ते रंगाबद्दल बोलत असत.

शिवाजी पार्कवर मोठी सभा होती, तेव्हा गल्लीने ट्रक मागितला. सुभेदारांनी लगेच होकार दिला. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. त्यांनी आदल्या दिवशी दुकानांतून परतीच्या बोलीवर आणून उजव्या बाजूला चकचकीत शॉकअप लावले होते आणि डाव्या बाजूला जस्ताचे, आणि त्यांना भरलेल्या गाडीत दोघांची तुलना करायची होती, हे फक्त मला माहीत होतं. कारण मापाचं काम माझ्याकडे होतं. मी काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून बसायचं. परळच्या नाक्यापर्यंत उजवीकडे, तिथून पुढे डावीकडे. कुठे किती सांडतं ते बघायचं.

ट्रकमध्ये माणसं दाटून उभी राहिली. झेंडे होते, तुतारी होती. त्या गर्दीत मी, इस्त्रीचा सदरा घालून, तांब्या धरून.

"हा कुणाच्या सुतकातून आलाय का?" एकाने विचारलं.

"नवस असेल," दुसरा म्हणाला. "मुंबई मिळाली की सोडेल."

लोक घोषणा देत होते. सुभेदार मुद्दाम चाकं ट्रामच्या रुळांवरून आडवी घेत होते आणि मागच्या खिडकीतून ओरडून विचारत होते, "उजवीकडचे, लागला का धक्का?" उजवीकडच्यांना वाटलं ही नवीन घोषणा आहे. ते म्हणाले, "लागलाच पाहिजे!" डावीकडच्यांनीही तेच म्हटलं. दादर येईपर्यंत सगळा ट्रक "धक्का लागलाच पाहिजे" म्हणत होता आणि पदपथावरचे लोकही त्यात सामील झाले. राज्यकर्त्यांना दिलेला हा इशारा त्यांना योग्य वाटला असावा.

मी मान खाली घालून पाण्याकडे बघत होतो. उजवीकडे थोडं सांडलं होतं. डावीकडे त्याहून कमी सांडतंय असं वाटत होतं, पण पैज लावण्याइतकी खात्री नव्हती. तेवढ्यात शिवाजी पार्क आलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरा, या उन्हात पाणी घेऊन आलास." त्यांनी तांब्या घेतला, वरून घटाघट प्यायले आणि पुढच्याला दिला. मला नाही म्हणवलं नाही.

सुभेदार उतरून धावत मागे आले. तांब्या रिकामा होता. घोषणांच्या त्या गदारोळात ते मला म्हणाले, "प्रयोग प्यायले?"

मी मान हलवली. निवड आणखी सहा महिने लांबली.

त्यानंतरच्या गणपतीत गावाहून आलेला माणूस शेडमध्ये उभा राहून निरोप सांगत होता, आणि मी वर पोटमाळ्यावर होतो. या वेळचा निरोप वेगळा होता. आईने अंथरूण धरलं होतं. ये असं तिने सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली होती, "तिका आता सांगा नको. उगाच तिच्या जिवाक घोर."

माणूस गेला. सुभेदार बरणीतला शॉकअप काढून पुसत बसले. मला धीर नव्हता, पण मी शिडी उतरून खाली आलो आणि म्हणालो, "सुभेदार, आता कुठलाही लावू या."

ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ब्रह्मदेशात, अराकानला समुद्राच्या कडेनेच गाडी न्यायचो आम्ही. सगळे शॉकअप गंजलेले. मागे एक जखमी पोरगा होता, साताऱ्याकडचा. प्रत्येक खड्ड्याला आईला हाक मारायचा. मी म्हणायचो, आलं रे, आलं. मग एका खड्ड्याला त्याने हाक मारली नाही."

ते पुसत राहिले.

"मला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं मला. त्याच आनंदात मी गाडी जोरात हाणली."

मला त्यावर दोन बाजू सांगता आल्या नाहीत. एकही नाही.

निरोप काकीपर्यंत पोचलाच. अशा गोष्टी चाळीत जिने चढून वर जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला धरत, एकेक पायरी टेकत स्वतः शेडमध्ये आली. तिला खाली आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिने तीन बरण्यांकडे पाहिलं.

"माझ्या बरण्या," ती म्हणाली. "दोन वर्षं लोणचं नाही घरात."

मग मला म्हणाली, "प्रोफेसर, यातला कुठला?"

"काकी, तसं बघायला गेलं तर…"

"राहू दे." तिने जस्ताच्या शॉकअपकडे बोट केलं. "हा घ्या."

"तो आजारी दिसतो गं," सुभेदार म्हणाले.

"तो पहिल्या दिवसापासून तसाच दिसतोय. त्याचं आणखी काय बिघडणार? तो चकचकीत बघा, त्याला आता फुटतंय. त्यापेक्षा हा बरा. हा आपल्यातला आहे."

"दांडी उघडी आहे. टोपण नाही."

"टोपण मी शिवते," काकी म्हणाली.

तिने जुन्या सायकलच्या ट्यूबा आणि ताडपत्रीचा तुकडा घेऊन, गोधडीला घालतात तसे दाट टाके घालत, चार दांड्यांना चार आवरणं शिवली. वर-खाली नाड्या. सुभेदारांनी आत ग्रीस भरलं. गल्लीतली पोरं म्हणाली, सुभेदारांनी ट्रकला झबली घातली. सुभेदारांनी एक आवरण जिभेजवळ नेलं. काकीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यांनी ते खाली ठेवलं.

आम्ही निघालो. मागे गाद्या घालून काकीला आडवं केलं होतं, तिच्या उशाशी मी, मांडीवर तांब्या. सुभेदारांनी त्याबाबतीत माघार घेतली नव्हती. ते इतक्या हळू चालवत होते की घाटात एक बैलगाडी आमच्या पुढे गेली आणि गाडीवानाने सहानुभूतीने मागे वळून पाहिलं. प्रत्येक खड्ड्यानंतर ते खिडकीतून विचारत, "आहेस ना?"

"आहे," काकी म्हणे.

काही वेळाने ती कंटाळून, "कुठे जाऊ?" असं म्हणायला लागली. तेवढ्यावरही त्यांचं समाधान होई.

समुद्राशी पोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. गावच्या माणसांनी बजावून ठेवलं होतं, ओल्या रेतीवर गाडी थांबवायची नाही, चालत राहायचं. ट्रक रेतीवर उतरला. उजव्या हाताला लाटा, डावीकडे सुरूची झाडं, आणि लांब टोकाला माड दिसत होते. ओहोटीच्या पाण्याने पाडलेल्या एका पन्हळीत चाकं आपटली. मी तांब्या घट्ट धरला.

"आहेस ना?" पुढून आवाज आला.

मागून उत्तर नाही.

"अगं, आहेस ना?"

मी तोंड उघडणार तोच ट्रक थांबला. सुभेदार दार उघडंच टाकून, रेतीतून धडपडत मागे आले. फळीला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तो मला इथे लिहिता येणार नाही.

"झोपल्यात," मी म्हणालो.

त्यांचा विश्वास बसला नाही. ते वर चढले, वाकले, तिच्या तोंडाजवळ कान नेला. काकी घोरत होती. अगदी बारीक, पण घोरत होती. ते तसेच गुडघ्यांवर बसून ऐकत राहिले. चाकांखालची रेती हळूहळू सैल होत होती आणि मागचं चाक खाली जात होतं. ते मला दिसत होतं. मी सांगितलं नाही. आयुष्यात एकदा कुठल्याच बाजूने न बोलण्याची अक्कल मला तेव्हा आली.

ट्रक एका बाजूला कलंडल्यामुळे काकी जागी झाली. "काय झालं?"

"काही नाही," सुभेदार म्हणाले.

"पाणी दे रे," ती मला म्हणाली.

मी सुभेदारांकडे पाहिलं. तांब्या जवळजवळ काठोकाठ भरलेला होता. मुंबईपासून तो वाटेत तीनदाच भरावा लागला होता. त्यांनी आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "दे की," ते म्हणाले. काकी सगळं प्यायली.

भरती चाकाच्या आसापर्यंत आली तेव्हा गावातली माणसं दोर घेऊन पोचली. काकीला त्यांनी खुर्चीत बसवून उचलून नेलं. ट्रक मागाहून ओढून काढला. चारही शॉकअप समुद्रात न्हाऊन निघाले होते.

घरात म्हातारी खाटेवर होती. तिने काकीचा चेहरा हातांनी चाचपला, मग खांदे, मग कमरेचा पट्टा. तिथे तिचा हात थांबला.

"धक्के खाऊन इलंस मगे?"

"नाय गे आये," काकी म्हणाली. "निजान इलंय."

सुभेदार दारात उभे होते. ते तिथूनच मागे फिरले आणि विहिरीवर गेले. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी कळशी भरली, ट्रकजवळ नेली आणि गोड्या पाण्याने शॉकअप धुवायला बसले. एका झबल्याची नाडी सुटली होती, ती नीट बांधली. मग त्यांनी विचारलं, "प्रोफेसर, तांब्यात शेवटी किती होतं?"

"काकी प्यायल्या सगळं."

"बरं झालं," सुभेदार म्हणाले.